एकवीस, बावीस, तेवीस

२६ एप्रिल १९६५, सोमवार

आज पहिला शॉट. आणि पहिलाच अपमान!

संवाद तोंडपाठ करून गेले होते. आठवडाभर आईच्या इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहून घोकले. मी कारखानदाराची लाडावलेली लेक, गळ्यात मोत्यांची माळ. "पप्पा, माझं त्या मेकॅनिकवर प्रेम आहे!" — एवढं म्हटलं आणि डायरेक्टरने हात वर केला. "थांब, थांब! चेहरा महालातला आणि आवाज मासळीबाजारातला! पोरी, तू आपले आकडे म्हण."

आपल्याकडे सिनेमात आवाज नंतर भरतात, हे मला ठाऊक होतं. पण माझ्या तोंडात माझाच भरतील असं वाटलं होतं. तर नाही. कोणी सिन्योरा तेओदोरी बोलणार आहेत माझ्या जागी. वय चाळीस. रोममधल्या निम्म्या नायिका त्यांच्याच गळ्याने बोलतात म्हणे. आमच्या क्वार्तिच्चोलो वस्तीतली बोली कारखानदाराच्या बंगल्यात चालत नाही.

म्हणून दिवसभर डोळ्यांत पाणी आणून म्हणत होते — एकवीस, बावीस, तेवीस. ओठ हलले म्हणजे झालं.

घरी बाबांना सांगितलं तर ते इतके हसले की आई हातातली इस्त्री टेकवून बाहेर आली. पत्र्याच्या कारखान्यात बाबांचे कान गेले, तेव्हापासून ते ओठ वाचतात. "मी कधीचा सांगतोय!" — नेहमीसारखे ओरडूनच — "आपले नट नुसते आकडे मोजतात! मागे एक नायिका मरताना बहात्तर म्हणाली! तुम्ही सगळे रडत होतात आणि मला वेड्यात काढत होतात!"

मग डोळे पुसले. म्हणाले, "म्हणजे तुझं बोलणं दुसरीचं, हे फक्त मला कळणार नाही. बरंच आहे की."



२९ एप्रिल

माझा मेकॅनिक! नाव लुदोविको. खरा राहतो श्रीमंतांच्या पारिओलीत, बाप नोटरी, घरात दोन मोलकरणी. गिटार बरी वाजवतो म्हणून सिनेमात घेतलाय. पाना धरतो तो सूप प्यायला बसल्यासारखा. मी हसले तर कानापर्यंत लाल झाला.

म्हणजे आमच्या सिनेमात गरीब तो आहे आणि श्रीमंत मी. जेवणाच्या सुट्टीत मी आईने दिलेला ऑम्लेट-पाव खाते, आणि तो माझ्या पावाकडे बघत बसतो. आज अर्धा दिला. मग बाबांचं ओठ वाचणं, बहात्तर म्हणून मेलेली नायिका, सगळं सांगितलं. हसून हसून त्याच्या तोंडावरची खोटी ग्रीसची रेघ पुसली गेली. मेकअपवाली दोघांवर ओरडली.

"म्हणजे तुझ्या बाबांना थाप मारता येणार नाही?"

"येते. तोंड फिरवून मारायची."

३ मे

आज शॉटमध्ये एकतीस, बत्तीस म्हणता म्हणता तेहतीसच्या जागी त्याने माझं नाव घेतलं. लोरेदाना. डायरेक्टर म्हणाला, उत्तम!

६ मे

रविवारी त्याच्या घरी जेवायला बोलावलंय. आई म्हणते जाऊ नकोस. बाबा म्हणतात जा, आणि माझ्या चपला पॉलिश करून ठेवल्यात. आत्तापासून!

९ मे, रविवार

लिहायचं नव्हतं. पण झोप येत नाहीये.

मासे खायचा काटा वेगळा असतो हे मला सिनेमाने शिकवलं होतं, ते कामी आलं. पाठ ताठ, कोपरं आत. लुदोने आधीच सांगितलं होतं, कमी बोल, गोड हस. त्याची आई चांगली बाई आहे, हेच वाईट झालं! मला दुसऱ्यांदा वाढलं. माझ्या केसांचं कौतुक केलं. मग अगदी प्रेमाने विचारलं, "आणि वडील काय करतात गं तुझे?"

मी तोंड उघडलं. त्याच्या आधी लुदो म्हणाला — "वारले ते, मम्मा. ती लहान असतानाच."

"अरेरे! पोर माझी!" म्हणून तिने माझा हात धरला.

आणि मी? मी काही बोलले नाही. तोंडात घास होता म्हणून नाही. त्या बाईचा हात ऊबदार होता, टेबलावरचं कापड पांढरंशुभ्र होतं, आणि मला तिथून उठावंसं वाटत नव्हतं. खरं ते हे आहे.

जिन्यात त्याला धरला. "का म्हणालास?" तर म्हणे, "आईला हळूहळू सांगू गं. तुझे बाबा... तूच म्हणालीस ना, ते ओरडून बोलतात."

कानफटात मारायला हवी होती. ट्राममध्ये बसल्यावर सुचलं.

घरी बाबा वाट बघत होते. "काय खाल्लंस? किती खोल्या? माझ्याबद्दल विचारलं का?" मी खिडकीपाशी गेले, पडदा नीट करत बसले आणि म्हटलं, हो, विचारलं, कारखान्यात आहेत म्हणून सांगितलं.

तोंड फिरवून.

बाबांनी पुन्हा विचारलं नाही. चपला उचलून जागेवर ठेवल्या.

१० मे

लुदोला म्हटलं, सिनेमापुरतं बोलायचं. तेही आकड्यांत.

१४ मे, शुक्रवार

शेवटचा सीन. सुटले!

गॅरेजच्या अंगणात दोन्ही खानदानं एकत्र नाचतात, माझा कारखानदार बाप विरघळतो, मी धावत जाऊन मेकॅनिकला मिठी मारते. पोरीने नुसतं धावायचं की बाप विरघळलाच! लिहिणाऱ्याने कुणाच्या घरी जेवून बघितलेलं दिसत नाही.

कॅमेरा माझ्या पाठीमागे. माझं तोंड त्याच्या खांद्यात, त्याचा चेहरा समोर. या शॉटला नुसतं गाणंच वाजणार, म्हणून डायरेक्टरने मोठाल्या कर्ण्यांवर गाणं लावून ठेवलं होतं. कानाचे पडदे फाटायची वेळ! काही ऐकू येत नव्हतं. पण त्याचा जबडा माझ्या कपाळाला लागून हलत होता, हलतच होता. मला मिठीत घेऊन आकडे मोजत होता, नालायक! तेही गरज नसताना.

शॉट संपल्यावर तो काहीतरी सांगायला आला. मी मोत्यांची माळ कपडेवालीला दिली आणि निघाले.

२ जून

आवाज भरतात तिथे गेले होते. सिन्योरा तेओदोरी जाड भिंगाचा चष्मा लावून, मोज्यांमध्ये पाय वर घेऊन बसल्या होत्या. पडद्यावर मी तेहतीस म्हणाले आणि त्यांनी "माझा जीव आहे रे तुझ्यावर" म्हटलं. अंगावर काटा आला. इतकं सुंदर मी जन्मात बोलले नसते. त्याचाच राग आला. पण मग वाटलं, त्या दिवशी टेबलावर तरी माझा आवाज कुठे होता? तोही दुसऱ्यानेच भरला, आणि मी ओठ मिटून भरू दिला. लुदोवर चिडणं सोपं आहे.

१९ जून

गल्लीचा फोन ज्याच्याकडे आहे तो खालच्या बारचा सोर नान्दो (आमच्या बोलीत सिन्योरचं सोर होतं) रस्ताभर ऐकू जाईल असा ओरडला — "लोरे! तुझ्या पारिओलीचा फोन!"

"सांगा, वारली! त्यांच्या घरात माणसं पटापट वारतात!"

३० जून

परत फोन. आई म्हणाली, घे एकदा. नाही घेतला. बाबा आमच्या ओठांकडे आळीपाळीने बघत होते. मी तोंडावर रुमाल धरला — सर्दी झाल्यासारखा.

४ सप्टेंबर

नान्दो जिना चढून आला, धापा टाकत. "पोरगा म्हणतो तिला बोलवू नका, फक्त विचारा — सिनेमा बघायला तिचे बाबा येणार ना?"

त्याला काय करायचंय! म्हटलं, येणार. पहिल्या रांगेत बसणार. आणि मोठ्याने बोलणार.

१० ऑक्टोबर, रविवार

वस्तीतल्या थिएटरात दुपारचा खेळ. सगळी गल्ली. बाबा सूट घालून. माझ्या प्रत्येक वाक्याला लोक टाळ्या वाजवत होते आणि बाबा मोठ्याने आकडे म्हणत होते — "सत्तावीस! शाब्बास!" शेवटची मिठी आली. गाणं. बायकांनी रुमाल काढले. बाबा पुढे वाकले आणि गाणं संपता संपता भर थिएटरात ओरडले —

"मी वारलो? लोरे, मी कधी वारलो?"

सगळी डोकी वळली. बाबांनी माझं मनगट धरलं होतं. "पोरगा मोजत नाहीये गं. माझं नाव घेऊन माझ्याशी बोलतोय. म्हणतो — सोर ओरेस्ते, तुम्ही वारलात असं मी आईला सांगितलं. लाज वाटते. आज घरी जाऊन खरं सांगतो. लोरेला माफ करा, ती मान खाली घालून बसली होती."

दिवे लागले. मी बाबांच्या समोर उभी राहिले, तोंड पूर्ण त्यांच्याकडे. आवाज फुटत नव्हता. त्यांना कुठे लागतो? सगळं सांगितलं. खिडकीचं, पडद्याचंही.

"पडद्याचं मला तेव्हाच कळलं होतं," बाबा म्हणाले — आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलले. मग खिसे चाचपून टेलिफोनचं टोकन काढून माझ्या हातावर ठेवलं.

"जा नान्दोकडे, फोन लाव. त्या पोराला सांग, मेलेल्या माणसाने जेवायला बोलावलंय."