शेवटच्या गाठीआधीचा थांबा

सर, तुमच्यावर सूड उगवायची संधी मला तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मिळाली, आणि मी ती सोडली नाही.

नगरच्या कॉलेजातली आपली ती खोली आठवते. टेबलावर भोकं पाडलेली पेटी, आत भिंगारच्या बाजारातून आणलेलं बोकडाचं आतडं. भोकांतून लांब दांड्याची हत्यारं घालून, पडद्याकडे बघत तुम्ही टाके घालताय. तुमच्या बोटांना मी सेन्सर चिकटवलेत. पोट न फाडता, बारीक भोकांतून ऑपरेशन करणाऱ्या रोबोटला टाका शिकवायचा तर तुमच्याच हातावरून, ही कल्पना माझी होती. पेपर छापून आला तेव्हा त्यात तुमचं नाव होतं, चहापुरते खोलीत डोकावणाऱ्या तुमच्या जावयाचं होतं, माझं नव्हतं. विचारायला आले तर तुम्ही हसत, खास तुमच्या सोनई गावच्या बोलीत म्हणालात, "अगं, नावाचं काय घिऊन बसली? लगीन झाल्यावर बदलनारच हाय ते." जावईबापू खो खो हसले. पुढे मी लग्न केलं, नाव बदललं नाही. त्यासाठी सासरी भांडण काढलं, ते खरं तर तुमच्याशीच होतं.

आता प्रयोगशाळा माझी आहे आणि रोबोट अजून तेव्हा नोंदवलेल्या तुमच्याच हालचालींवर शिकतो. शेवटची गाठ आवळण्याआधी तुमचा हात क्षणभर थांबतो, दोरा किंचित सैल सोडतो, मग ओढतो. मी माझ्या हाताखाली काम करणाऱ्या मुलींना म्हटलं, ही म्हाताऱ्याची खोड आहे, काढून टाका. अहवालात लिहिलं, 'मूळ शल्यचिकित्सकाच्या हालचालीतला दोष दुरुस्त केला.' दोष हा शब्द टाइप करताना मला काय गार वाटलं म्हणून सांगू! तुमचं नाव कुठेच नाही, माझं सगळ्यात वर. जशास तसं.

आणि तेव्हापासून रोबोटने गाठ आवळली की पेटीतलं आतडं फाटायला लागलं. "मॅडम, परत फाटलं," आज सकाळी एक मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली. पुढच्या आठवड्यात सर्जन मंडळी बघायला येणार. त्यांच्यासमोर फाटलं तर इतक्या वर्षांचं काम अडगळीत. तुम्हाला शिव्या घालत मी तुमचं जुनं रेकॉर्डिंग लावलं, आणि कळलं. ताणलेल्या आतड्याला जागेवर यायला तेवढाच वेळ लागतो. रोबोटला दोऱ्याचा ताण कळत नाही, तुमच्या बोटांना कळत होता. मी थांबा परत घातला. दोषाचं वाक्य खोडलं. तुमचं नाव मात्र घातलेलं नाही, घालणारही नाही. माफी वगैरे विसरा.

हे पत्र तुमच्या जावयाला पाठवून त्याचा चेहरा पाडायचा होता. आता पाठवणार नाही. दुपारी रोबोटचा हात गाठीआधी थांबला, दोरा सैल झाला, आतडं शाबूत राहिलं. मुली टाळ्या वाजवत होत्या आणि माझ्या तोंडून 'वा, सर' निघून गेलं. कुणी ऐकलं नाही, एवढं माझं नशीब.