पियूष चौकात पहिला आला त्याबद्दल

सेक्टर २, भिलाई
शुक्रवार, दुपार

तीर्थस्वरूप रामाजी भाऊजी,

तुम्हाला आणि सिंधुताईला केवलरामचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? तेल लावता, की ताई म्हणते तसं नुसती बाटली उशाशी ठेवून झोपता? ताईची साखर आटोक्यात असावी. धानाच्या बांधीत पेरलेली लाखोरी फुलावर आली असेल. आम्ही इकडे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला नीट सांगता येत नाही, म्हणून कागद घेतला.

काल, गुरुवारी सकाळी, मी आंघोळ करून देवापुढे बसलो आणि चक्क काहीतरी मागितलं. तुम्हाला माझा स्वभाव ठाऊक आहे. ज्याला सगळं दिसतं त्याच्यापुढे आपण गरजा वाचून दाखवणं मला बरं वाटत नाही. दिवा लावतो, हात जोडतो, उठतो. पण काल मागितलं, आणि तेही बेतानं. म्हटलं, शर्यत जिंकू दे असं मी म्हणत नाही, एवढा लोभ नको. आपल्या सेक्टर दोनच्या चौकातून पोरगा पहिला जाऊ दे, बस. पुढचं त्याचं तो बघेल. देवानं माझं शब्दन्‌शब्द ऐकलं, एक अक्षर कमी नाही की जास्त नाही. तेच सांगायला हे पत्र.

पियूषनं प्लांटमधली अप्रेंटिसशिप अर्ध्यावर सोडली आणि सायकलच्या एका टीममध्ये पगारावर गेला, हे तुम्हाला माहीत आहे. दिवाळीत तुम्ही माझी समजूत घालायला आला होता आणि मी तुमच्यापुढे चिवडा ठेवून तुम्हाला गप्प केलं होतं. त्याआधीच मी त्याला बजावलं होतं, की पहिला आल्याशिवाय माझ्यासमोर उभा राहू नको. बाप रागात जे बोलतो ते पोरांनी एका कानानं ऐकायचं असतं. पण आमचा मुलगा नको तिथे आज्ञाधारक निघाला. तेव्हापासून घरी आला नाही. आईला फोन करतो. त्याचा फोन आला की मी उठून दुसऱ्या खोलीत जातो (दार उघडं ठेवून).

आता ही शर्यत काय प्रकार आहे ते ऐका. आपल्या शाळेत शर्यत म्हणजे सगळे सुटायचे आणि पुढे असेल तो पहिला. इथे तसं साधं काही नाही. आठ जणांची एक टीम, त्यात एक कप्तान, आणि बाकीच्या सातांनी जिंकायचं नाही हे आधीच ठरलेलं. त्यांनी कप्तानाच्या पुढे राहून वारा आपल्या छातीवर घ्यायचा. मागच्या मोटारीपर्यंत जाऊन पाण्याच्या बाटल्या सदऱ्यात कोंबून आणायच्या. कप्तानाचं चाक पंक्चर झालं तर आपलं काढून त्याला द्यायचं आणि आपण रस्त्याच्या कडेला भिकाऱ्यासारखं उभं राहायचं. आमचा पियूष या सातांतला. म्हणजे पक्क्या नोकरीची वाट सोडून पोरगा पाणक्या झाला, तोही पायांवरचे केस काढून. (समीक्षा म्हणते, बाबा, त्याने जखम लवकर बरी होते. मी म्हटलं, मग पडूच नका.) शर्यत पाच दिवसांची, रोज एका गावाहून दुसऱ्या गावी. रोज जो पुढे येतो तो पहिला नसतो. पाच दिवसांचा वेळ मिळवून ज्याचा कमी भरेल तो पहिला, त्यामुळे एकही दिवस पुढे न आलेला माणूस शेवटी मंचावर उभा राहू शकतो. आणि घोळक्यात आलेल्या सगळ्यांना वेळ एकच लावतात, घोळक्याच्या तोंडाशी असो की शेपटाशी. आपल्या गुरुजींनी या हिशेबानं पेपर तपासले असते तर मी आज रेल मिलमध्ये गरम रुळांच्या कडेला नाही, गार खोलीत बसलो असतो.

या लोकांसाठी सरकारी माणसांनी जे केलं ते आमच्यासाठी इतक्या वर्षांत कोणी केलं नाही. कुम्हारीकडून येणाऱ्या रस्त्यावरचे गतिरोधक उखडले, खड्डे बुजवले, गाई धरून कुठेतरी नेल्या. शर्यत मुद्दाम टाउनशिपमधून वळवली होती, म्हणून आमच्या चौकापर्यंत डांबर असं गुळगुळीत झालं की त्यावर लाटणं फिरवावं. चौकातून आमच्या क्वार्टरकडे वळणारा तुकडा मात्र जसाच्या तसा, कारण सायकली तिकडे वळणार नव्हत्या. आणि सायकलींच्या या शर्यतीत सायकलींपेक्षा इंजिनंच जास्त. पुढे मोटारी, मागे मोटारी, मध्ये मोटारसायकली. एवढं डिझेल जाळून माणसं घाम गाळतात.

मी जाणार नव्हतो. घरात तसं जाहीरही केलं होतं, की मला ड्यूटी आहे. (ड्यूटी दुसऱ्या पाळीची होती. कमलिनीनं माझा धुतलेला सदरा काढून खुंटीला लावला.) चौकात आमच्या भजनी मंडळानं मंडप टाकला होता. मंडळाचा नियम तुम्हाला माहीत आहे: चौकातून कोणी गेलं तर काही खाल्ल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही. रामनवमीला आम्ही ट्रकवाल्यांनासुद्धा हात जोडून अडवतो. तेव्हा बुंदीचे द्रोण भरलेले, सरबताचं पिंप, झेंडूचे हार, आरतीचं ताट, आणि माईक प्रेमानंदच्या हाती. प्रेमानंद म्हणजे आमच्या मंडळाचा सेक्रेटरी. माईक त्याच्या हातातून काढायचा तर लाईनच बंद करावी लागते. त्याला कोणी सांगितलं नव्हतं की हे लोक बुंदी खायला थांबत नाहीत. मी सांगणार होतो, पण म्हटलं, होऊ दे फजिती.

आधी पोलिसांची गाडी गेली, मग शिट्ट्या मारणारे मोटारसायकलवाले, आणि मग, भाऊजी, रिकाम्या रस्त्यावर एकटा, मागे चिटपाखरू नाही, आमचा पियूष. पहिला! मी देवाला म्हटलं होतं अगदी तसा. प्रेमानंद माईकवर असा ओरडला की पलीकडच्या झाडावरचे बगळे उडाले. आणि या गाढवानं काय करावं? चौकात येऊन ब्रेक लावला, पाय खाली टेकला, आणि हसत हसत आमच्याकडे चालत आला! बायकांनी त्याला घेरलं. कोणी कुंकू लावलं, कोणी गळ्यात हार टाकला, कमलिनीनं तोंडात बुंदी भरवली. उभ्या जन्मात पहिल्यांदा पहिला आला आणि इथे बुंदी खात उभा! मी गर्दीत घुसलो. तो मला बघून खाली वाकला. मला वाटलं, चेन बघतो आहे. मी त्याला काखेत हात घालून उचललं आणि सायकलीवर बसवायला लागलो.

"बाबा, थांबा ना. टाईम हाय मले."

"टाईम हाय म्हणते! मागून सारे येऊन राहिले. पळ!"

"अजी, ढकलून कावून राहिले त्याले?" कमलिनी ओरडली. "दोन घास त खाऊ द्या पोराले!"

मी कुणाचं ऐकलं नाही. खोगिराला हात लावून विजेच्या खांबापर्यंत त्याला ढकलत धावलो, या वयात, या पोटासकट. एक मोटारसायकलवाला माझ्या शेजारी येऊन म्हणाला, "चाचा, धक्का मत दो, पेनल्टी लगेगी." मी त्यालाही पळ म्हटलं.

आणि मग तमाशा. खांबापुढे गेल्यावर पियूष, गळ्यात हार, कपाळावर कुंकू, असा सावकाश चालवायला लागला की जणू भाजी आणायला निघाला आहे. मागे वळून वळून बघत होता. तेवढ्यात तो शंभरेक जणांचा घोळका आला. त्यांनी त्याला गाठलं, जाता जाता कोणी त्याच्या पाठीवर थाप मारली, कोणी हार ओढला, आणि एक एक करून सगळे त्याच्या पुढे निघून गेले. आमच्या डोळ्यांदेखत. त्यानं कुणालाच अडवलं नाही. प्रेमानंद माईकवर "आता दुसऱ्या क्रमांकावर, आता, आता..." करत राहिला आणि मग आपण होऊन माईक बंद केला. हे या चौकात पहिल्यांदाच घडलं. शेवटी पियूष शेपटाला लागला, मोटारीजवळ गेला, बाटल्या घेऊन सदऱ्यात कोंबल्या आणि दिसेनासा झाला.

प्रेमानंद द्रोण घेऊन माझ्याजवळ आला. "केवलराम, तुया पोट्टा पयला होता ना बे? मंग सबले रस्ता कावून देऊन राहिला? हवालदार हाय का थो?" मंडपातले सगळे हसले. मी बुंदी खाल्ली. दुसरं काय करणार होतो? ड्यूटीवर गेलो आणि पाळीभर ज्यानं त्यानं मला हेच विचारलं.

घरी आलो तर जेवायचं ताट वाढलेलं, पण कमलिनी भिंतीकडे तोंड करून बसलेली. समीक्षा म्हणाली, "बाबा, वो पूछके आया था. सगळ्यायनं त्याले सोडलं होतं."

म्हणजे काय, ते आता तुम्हीही ऐका. या शर्यतवाल्यांची एक पद्धत आहे, कुठे लिहिलेली नाही, पण सगळे पाळतात. ज्याचं गाव वाटेत येतं त्याला घोळका म्हणतो, जा पुढे, घरच्यांना भेट, आम्ही हळू येतो. तेवढा वेळ कोणी जोर लावत नाही. आणि ज्याला सोडलं त्यानंही मग त्याचा फायदा घेऊन पळायचं नाही, थांबून सगळ्यांत मिसळायचं. पियूषनं आधी आपल्या कप्तानाला विचारलं, मग दुसऱ्या टीमवाल्यांना. आईला बुधवारीच कळवलं होतं. तिनं मला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मी खरोखरच लवकर ड्यूटीवर गेलो असतो. हे तिचं म्हणणं. चूक आहे असं मला म्हणता येत नाही.

मी म्हटलं, ही कसली शर्यत, हिच्यात सुटीचा अर्ज चालतो! मग मी जेवायला बसलो आणि माझ्या ध्यानात आलं, की तो चेन बघत नव्हता. पहिला आल्याशिवाय उभं राहू नको म्हटलं होतं. पोरगं शंभर माणसांची परवानगी काढून पहिलं आलं, पायाशी वाकलं, आणि मी त्याला काखेत धरून रस्त्याला लावलं. ज्यांना केवलराम कोण हे ठाऊक नाही, त्यात परदेशातले लोकसुद्धा, त्यांनी माझ्यासाठी पाय सैल सोडले. मलाच तेवढा धीर नव्हता.

असो. शर्यतीबद्दल माझं मत बदललेलं नाही. हा पोरखेळ आहे आणि पगार देऊन चालवलेला पोरखेळ आहे. ताईला नमस्कार. गुडघ्याला तेल लावा.

तुमचा,
केवलराम

ता. क. मुख्य गोष्ट राहिली. शर्यतीचा शेवटचा दिवस रविवारी, डोंगरगडहून सालेकसा, आमगाववरून गोंदियाला. म्हणजे तुमच्या दारासमोरून. गावात कुणाला हार, बुंदी, बँड काही करू देऊ नका. तो थांबणार नाही. एका शर्यतीत दोनदा रजा मिळत नाही आणि आमगाव काही त्याचं गाव नाही. फक्त ताईनं संध्याकाळी गोंदियाला जाऊन त्याला एवढं सांगावं, की तुझ्या बापाला पद्धत माहीत नव्हती. माझ्या नावानं सांगू नये. आपलं म्हणून सांगावं.

आणखी एक. शनिवार सकाळ. समीक्षा म्हणते, हे पत्र टपालानं बुधवारी मिळेल. पोस्टाचा कारभारही घोळक्यासारखाच आहे. तेव्हा आम्ही तिघं आज दुपारच्या गाडीनं येतो आणि पत्र मी तुमच्या हातात देईन. घरात बसून वाचा. मी अंगणात उभा असेन, वाचून झाल्यावर माझ्याशी या विषयावर बोलायला येऊ नका, सरळ चहा पाठवा. वर ताईला जे सांगायला लिहिलं आहे ते खोडलेलं समजा.

आणखी एक, दुर्ग स्टेशनावरून. कालपासून ठरवत होतो, ते आत्ता केलं. कमलिनीच्या फोनवरून त्याला फोन लावला. तो आधी "आई" म्हणाला. मी म्हटलं, मी आहे. तेवढ्यात गाडीची घोषणा त्यालाही ऐकू आली असावी, कारण त्यानं विचारलं, कुठे निघालात. मी सांगितलं. उद्या आत्याच्या घरासमोर, तू येशील तेव्हा तुझ्या डाव्या हाताला उभा राहीन, असंही सांगितलं, म्हणजे घोळक्यातून शोधत बसायला नको. एवढं बोलून फोन ठेवला.