सरांच्या नावाची माशी

४ फेब्रुवारी
सापडली! संग्रहालयात गांधीलमाश्यांच्या खणात कुणीतरी टाचणी लावून ठेवलेली. पिवळे पट्टे, अंग तुळतुळीत – कुणाला संशय येणार? भिंगाखाली धरली तर मधमाशीच की! आणि मागच्या पायांवर पराग गोळा करायचे केसच नाहीत. म्हणजे कोकीळमाशी. आणि नोंदलेल्या एकाही प्रजातीशी जुळत नाही!

५ फेब्रुवारी
आईला फोन केला. "एवढं शिकून शेवटी माश्याच मारतेस ना?"
समजावलं. ही बाई परागाचा कण गोळा करत नाही. दुसरीचं घरटं हेरते, ती बाहेर पडली की आत शिरून अंडं घालते. अळी निघाली की आधी घरच्या अंड्याचा फडशा पाडते, मग साठवलेल्या परागावर ताव मारते.
"तुझी मोठी काकू," आई म्हणाली.

११ फेब्रुवारी
माझे मार्गदर्शक सर आले. भिंगात न बघताच – "वा! आपला शोधनिबंध होणार!"
आपला! मागचे दोन्ही निबंध मी लिहिले, वर नाव सरांचं. माझे नुसते आभार! ही माशी देणार नाही. नाही म्हणजे नाही.

१२ फेब्रुवारी
आंघोळ करताना सुचलं. आपलंच नाव आपण प्रजातीला द्यायचं नाही, असा आमच्यात संकेत आहे – लोक हसतात. माशीला सरांचं नाव दिलं, तर लेखक म्हणून सरांना बाजूला व्हावंच लागेल!

१३ फेब्रुवारी
"सर, माशीला तुमचं नाव द्यावं म्हणते."
सर लाजले. चक्क लाजले! "अगं, कशाला..." आणि लगेच स्पेलिंग सांगायला लागले. मग म्हणाले, "निबंधावर मात्र तू एकटीच हं. बरं दिसत नाही."
मी चेहरा पाडला. फार जड गेलं ते.

२७ फेब्रुवारी
वर्णन लिहिलं. 'डोकं रुंद, चकचकीत, जवळजवळ केसविरहित. दुसऱ्यांच्या कष्टांवर वाढते.' एक शब्द खोटा नाही!

९ जून
छापून आला. वर माझं एकटीचं नाव! दहादा वाचलं.

१० जून
सरांनी बोलावलंय. हातात निबंध होता. हसत नव्हते.

१० जून, नंतर
सरांनी कपाटातून एक पिवळी पडलेली काचपट्टी काढली. तिच्यात गोचीड.
"हिला माझ्या सरांचं नाव आहे. मीच दिलं होतं, तुझ्याच वयात," म्हणाले. "त्यांनाही पहिल्याच दिवशी कळलं होतं."