‘घर’ : मिश्र माध्यम

३ मार्च, सकाळी ७
आजपासून शिल्प. प्रदर्शनाचा विषय ‘घर’, मुदत १५ तारीख. आयुष्यभर ऑफिसात फायली लावल्या, आता हात मोकळे. हिला म्हणालो, घराचा अर्थ शोधतोय. म्हणाली, शोधता शोधता स्वयंपाकघरातला नळ दिसला तर बघा, आठवडाभर गळतोय. विनोदबुद्धी चांगली आहे हिची.

५ मार्च
ठरलं. सामान सगळं घरातलंच वापरायचं, विकतचं फक्त सिमेंट. सुरुवात हिच्या खुर्चीपासून. खिडकीजवळची, पेपर वाचायची. विचारलं. काही बोलली नाही. म्हणजे संमती.

८ मार्च
कपाटाचं एक दार, बाहेरच्या दारावरची नावाची पाटी, हिच्या आईचं शिवणाचं मशीन. मशीनवर सिमेंट ओतताना ही हाताची घडी घालून बघत होती. बराच वेळ. चकार शब्द नाही. कलेपुढे माणूस गप्प होतो ते असं.
नळ उद्या नक्की.

१० मार्च, दुपारी
हिने आपल्या ताईला फोन लावला. दार लावून अर्धा तास बोलली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल. सिमेंटची धूळ. उद्यापासून खिडकी उघडी ठेवणार.

१२ मार्च
ही बॅग भरून ताईकडे गेली. म्हणाली, माझ्याच्याने आता इथे राहवत नाही. मलाही कामाला जागा हवीच होती. समजूतदार बाई.
जाताना स्वतःची किल्ली टेबलावर ठेवून गेली. मी मागितलीही नव्हती! शिल्पाच्या मधोमध काहीतरी कमी पडत होतं, हिने न सांगता ओळखलं. गहिवरून आलं.

१३ मार्च
हिची किल्ली सिमेंटमध्ये बसवली. एकटी बरी दिसेना. शेजारी माझीही बसवली. डुप्लिकेट नंतर करून घेऊ.
दोन्ही वेळेला बिस्किटं. नळाचा आवाज फार येतो.

१५ मार्च, ११.१०
टेम्पो आला. शिल्प उचलायला चौघे. मी ‘सांभाळून, सांभाळून’ करत खाली उतरलो. परत वर आलो तर दाराला लॅच लागलेलं. वही आणि फोन सुदैवाने खिशात.

११.३०
डुप्लिकेट करायला किल्ली लागते, हे आधी सुचायला हवं होतं.

११.५०
प्रदर्शनाच्या सेक्रेटरीबाईंना फोन. म्हणाल्या, किल्ल्या हव्या असतील तर शिल्प फोडावं लागेल. नको म्हणालो. तत्त्वाचा प्रश्न आहे.

१२.४०
किल्लीवाला आला. आधी कुलूप बघितलं, मग मला. पायात स्लिपर, केसांत सिमेंट. म्हणाला, काका, घर तुमचंच कशावरून? पाटी दाखवायला गेलो, तिथे चार भोकं. म्हणाला, घरातल्या कुणाला तरी फोन लावा, त्यांनी सांगितलं की लगेच उघडतो.

१२.५५
हिला लावला. किल्लीवाल्याने स्पीकरवर विचारलं, बाई, हे तुमच्याच घरातले ना?
ही काही बोलली नाही.
किल्लीवाला थांबला, मग आपली पेटी आवरू लागला. मी जिन्यात बसलो. फोन चालूच होता. ही संमती आहे, असं मला आज म्हणवलं नाही.