आडवी सायकल आणि आमची सरळ माणसं

सोमवार, ४

सगळ्यात आधी आली ती समोरची शिवणवाली. बाईचं नाक आधी आत येतं, मग बाई! तिच्यामागून कुलूपवाला, त्याच्यामागून त्याची सासू. कोणी सांगितलं ह्यांना? मीच सांगितलं होतं म्हणा.

तर आमच्या ह्यांनी मागच्या खोलीत आठ महिने ठोकठोक करून जे घडवलं, ते आज बाहेर निघालं. सायकल म्हणे! पुढे पेडल, मागे आरामखुर्ची, मधे अडीच सायकलींची साखळी. पाठ टेकायची, पाय पुढे उचलायचे आणि चालवायची. झोपेत चालणारी माणसं ऐकली होती. झोपून चालवणारा आमच्याच नशिबी!

"काकू, उशी देऊ का?" शिवणवाली म्हणाली.

हे बसले. निघाले. चार हात गेले आणि थेट कुलूपवाल्याच्या सासूच्या कुंडीत! चाळीस वर्षं सायकलने कारखान्यात गेलेला माणूस! हसून हसून माझ्या बरगड्या दुखल्या.

मंगळवार, ५

आज पाच वेळा पडले. मोजलं मी.

गुरुवार, ७

सायकल क्लबचे दोघं आले, एक टकलू, एक दाढीवाला. ह्यांचं वेल्डिंग बघून दोघांनी तोंडात बोटं घातली. मग चालवायला बसले – आणि दोघंही आडवे! दाढीवाला म्हणतो, "आजी, सवय व्हायला महिने लागतात." मी म्हटलं, पडायची तर लगेच झाली की!

टकलू म्हणाला, कोणी चालवणार नसेल तर आम्हाला द्या, आमच्या हॉलमध्ये मांडून ठेवतो. हे म्हणाले, बघतो. मी म्हटलं, बघायचं काय त्यात, आत्ताच न्या! माझी मागची खोली तरी मोकळी होईल.

हे काही बोलले नाहीत. जेवतानाही नाही. न बोलेनात का! भाजी खारट झाली होती ते बोलले असते, तेवढं वाचलं.

शनिवार, ९

धाकट्या बहिणीकडे जाऊन आले. जाऊन कसली, लेकाने नेलं. पुलापलीकडे तर राहते ती! पण गुडघ्याने दोन वर्षांपासून चालणं बंद केलंय. कोणाला वेळ होईल तेव्हा मला न्यायचं, आणि नेणाऱ्याला कायम घाई. हा दारातच उभा, बोटात किल्ली फिरवत. "आई, झालं का?" दोन महिन्यांनी भेटलो. तिच्या सुनेच्या अर्ध्या कागाळ्याही सांगून झाल्या नव्हत्या! मी काय पिशवी आहे? आणून ठेवली, उचलून नेली!



रविवार, १०

लिहायला लाज वाटते, पण इथे कोण वाचतंय. दुपारी हे घोरत होते. मी लेकाची जुनी पँट चढवली आणि त्या चाकांच्या खाटेवर बसले. नुसतं बसून बघावं म्हणून. तर गुडघा गप्प! दोन पायऱ्या चढले की बोंब मारतो मेला, इथे हू की चू नाही.

मागच्या गल्लीला थोडा उतार आहे. पाय उचलले, सोडून दिली.

पडले. कोपराचं सालटं गेलं. ह्यांना सांगितलं, भिंतीला घासलं.

मंगळवार, १२

कळलं! ही सगळी शहाणी माणसं सायकल येते म्हणूनच पडतात! जरा तोल गेला की हँडल आवळायचं, पुढे वाकायचं, ढुंगण उचलायचं – जुन्या सायकलीची खोड. मला मुळात कुठलीच सायकल येत नाही. विसरायला आहे काय! दुसरीत शाळा सुटली तेव्हापासून ऐकतेय, हिला काही येत नाही, हिला काही येत नाही. बरं झालं नाही आलं!

हात सैल, पाठ टेकलेली, नजर लांब. चाकाकडे बघितलं की पडलेच म्हणून समजा. आज गल्लीच्या टोकापर्यंत गेले. दोनदा! शिवणवालीच्या हातातून कात्री पडली.

गुरुवार, १४

वळून आले तर कोपऱ्यावर हे उभे. बनियनवर. आता ओरडणार, वाटलं.

"पाठ टेकव."

"टेकलीय."

"मग सीट पुढे घ्यायला हवी. पाय पुरत नाहीत तुझे." आणि पाना आणायला आत! बायकोचं कौतुक करायचं तर तेही पान्याने.

सीट बसवता बसवता खाली मान घालून म्हणाले, "पण मी कालच त्यांना हो म्हणून बसलोय."

"मला न विचारता?"

"तूच म्हणालीस ना, आत्ताच न्या!"

चाळीस वर्षांत माझं एक वाक्य ध्यानात ठेवलं, तेही नेमकं हे!

"शब्द दिलाय," म्हणाले.

मी म्हटलं, तुम्ही दिलाय. मी नाही.

शुक्रवार, १५

क्लबवाल्यांचा फोन आला. मीच घेतला. टेम्पो घेऊन येतो म्हणाले. म्हटलं या की, हे असतील घरी. मग लगेच बहिणीला फोन लावला – माझी मी येतेय, दिवसभरासाठी, सुनेचं सगळं पहिल्यापासून सांग.

रविवारी सकाळी दहाला येणार आहेत ते. मी आठला निघते.