त्या नावाच्या दारात नाही

३ जून
आजपासून कॉलेज बंद. म्हणजे कॉलेज चालूच आहे, मी बंद. सर म्हणाले वर्गाबाहेर हो, मी थेट गेटबाहेर झालो. गेटवर देणगीदार शेठजींचं नाव. शपथ घेतली : त्या नावाच्या दारात पुन्हा पाऊल ठेवणार नाही. या वहीतही ते नाव लिहिणार नाही.
बाबा म्हणाले, मग उद्यापासून दुकानात किल्ल्या घासायला ये.

५ जून
शपथेच्या वेळी एक गोष्ट लक्षात आली नव्हती. त्या म्हाताऱ्या शेठजींनी गावात नाव द्यायचं काहीच सोडलेलं नाही. बाग, वाचनालय, दवाखाना, बसस्टॉपसुद्धा! एक स्टॉप आधी उतरतो. चालणं होतं.

७ जून, संध्याकाळ
मला आवडते ती दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसते. मी रस्त्यापलीकडे उभा. सुटल्यावर स्वतःहून आली! रविवारी बागेत येतोस का, म्हणाली. मी शपथ सांगितली. मग वाचनालयात? तेही त्यांचंच. माझ्याकडे बघतच राहिली. भारावली असणार.

९ जून, रविवार
बागेच्या कुंपणाबाहेरून पाहिलं. ती बाकावर एकटी. बराच वेळ. मग माझ्या वर्गातला ढापण्या आला. त्याला कसली आलीत तत्त्वं! दोघांच्या मध्ये त्याची सॅक आहे. सॅक आहे तोवर काळजी नाही.

१६ जून
सॅक खाली ठेवलीय.

१७ जून
जेवण गेलं नाही. किल्ली उलटी घासली. बाबा गिऱ्हाइकासमोर बोलले.

२४ जून
ठरलं. तिला उद्या स्पष्ट विचारणार. रस्त्यावरच. आपल्या रस्त्याला नाव नाही.

२५ जून
सकाळी पालिकेची माणसं शिडी घेऊन आली. रस्त्यालाही तेच नाव!! म्हणजे आमच्या घरालाही. आई म्हणाली, आता उडत जा बाहेर. डोकं फिरलं. पाटीच्या खांबाला लाथ घातली. खांब लोखंडी.

२६ जून
अंगठा वांग्याएवढा. घरीच. शपथेचा विचार चालू.

२८ जून
शपथ मोडली. अंगठ्यासाठी नाही, तिच्यासाठी. लंगडत खिडकीशी गेलो, म्हटलं, तुझ्यासाठी आत आलो. ती म्हणाली, अरे वेड्या, त्या रविवारी यायचं होतंस. तासभर तुझ्याचसाठी बसले होते. आता... तिच्या खुर्चीशी ढापण्याची सॅक दिसली मला.
मग हळूच म्हणाली, तुझी हजेरी तोच लावतो रोज, नाव कटू नये म्हणून.
म्हणजे मी कॉलेज सोडल्याचं कॉलेजला माहीतच नाही.
मागचे आजोबा ओरडले, प्रेमबिम नंतर, माझी गोळी द्या आधी. बाजूला झालो.
मलमाची ट्यूब दिली तिने. त्यावर शेठजींचं नाव ठसठशीत. खाली तिच्या अक्षरात : दिवसातून तीन वेळा.