संगणकाच्या पोटातली अण्णांची मशीन

अण्णा, तुमची मशीन गेली. तुमच्यामागं लग्नपत्रिका छापायचं दुकान बंद झालं तेव्हा आईनं ती शेवगावहून चादरीत गुंडाळून नगरला माझ्याकडे आणली होती. तेव्हापासून ती माळ्यावर होती आणि दर दिवाळीच्या आवराआवरीत मी तिच्यावरची धूळ पुसून पुन्हा चादर घालत होते, सुरू मात्र कधी केली नाही. यंदा माझ्या पोरीचं, तुमच्या नातीचं, लग्न ठरलं. तुम्ही पाहिलीत तेव्हा ती दुकानात कागदाच्या कातरणांत बसून खेळायची, आता पुण्यात नोकरी करते आणि मलाच चार गोष्टी शिकवते. लग्न ठरलं तसं आईनं पहिलं वाक्य काढलं ते सोन्याचं नाही, कपड्यांचं नाही. म्हणाली, "पत्रिका त्यांच्या हातची पाहिजे. न्हाईतर देवीला पत्रिका घिऊन मी काय जायची न्हाई." म्हणून मशीन खाली उतरवली, वायर लावली. पंखा कण्हल्यासारखा फिरला, जळका वास आला आणि तेवढ्यावर संपलं. आई दारात उभी होती. ती आत गेली आणि तांदूळ निवडत बसली. तांदूळ दुकानातून निवडूनच आले होते.

तिचा हट्ट मला कळत होता. आपल्या घरातली एकही पत्रिका तुमच्या हाताशिवाय निघाली नाही, आणि तुमची रीतही तशीच होती, कोऱ्या पानावर पत्रिका करायचीच नाही. गिऱ्हाईक आलं की तुम्ही जुन्या फाईली चाळायचात आणि ज्या जोडप्याचं बरं चाललंय त्यांची पत्रिका उघडून तिच्यावरच नवी बांधायचात. जुनी नावं एकेक करून काढायची, नवी घालायची. गिऱ्हाइकाला यातलं काही ठाऊक नसायचं. तिसगावचे एक गृहस्थ घाईत होते, ते म्हणाले, कुठलीही घ्या हो, काय फरक पडतो. तुम्ही मान न वळवता म्हणालात, "तुमाला न्हाई पडत. पोरीला पडंल." आणि त्यांना चहा पाजून बसवून ठेवलंत, कारण हातात घेतलेल्या पत्रिकेतलं जोडपं तेव्हा एकमेकांपासून वेगळं राहत होतं. मी कॉलेजातून सुट्टीला आलेली, मला हे सगळं खुळचट वाटायचं. आता आई म्हणत होती, "तुझ्याच पत्रिकेवर बांध, तुझं बरं चाललंय." माझ्या नवऱ्यानं हे ऐकलं आणि दिवसभर कॉलर ताठ करून फिरला.

मशीन गेली तरी आतली डिस्क जिवंत निघाली. दुरुस्तीवाल्यानं सगळ्या फाईली काढून दिल्या. माझ्या लग्नाची फाईल मी घरच्या संगणकावर मोठ्या आशेनं उघडली, तर श्री गणेशाय नमःच्या जागी इंग्रजी अक्षरं, डॉलरची खूण, कंस आणि उद्गारचिन्हं. तुमचं ते जुनं मराठीचं सॉफ्टवेअर असल्याशिवाय ती फाईल मराठी बोलायला तयार नाही, आणि ते सॉफ्टवेअर जुन्या विंडोजशिवाय उठायला तयार नाही. मग मी शहाणपणा केला. छापलेली पत्रिका समोर ठेवून नव्या अक्षरांत जशीच्या तशी उतरवली, महिरप काढली, कागदावर छापून आईच्या हातात दिली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून ती कागद नाकाजवळ धरते. बराच वेळ धरला. मग म्हणाली, "चांगली हाय गं. पन ही त्यांची न्हाई." मी चिडले. तुझ्या हट्टापायी माझी सुट्टी वाया जातेय, असंही बोलून गेले. तिनं कागद नीट घडी करून टेबलावर ठेवला, तेव्हा मला माझीच लाज वाटली.

तुमच्या नातीनं फोनवर मार्ग सांगितला. म्हणे, संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवता येतो, नुसता सॉफ्टवेअरचा. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. आपल्या नव्या संगणकाची थोडी मेमरी, थोडी डिस्क त्याला तोडून द्यायची आणि त्यात जुनी विंडोज घालायची, म्हणजे भरल्या घरात एक खोली देऊन पोटभाडेकरू ठेवावा तसं. आणि ही सोय करणारी सॉफ्टवेअरं फुकट मिळतात. फुकट म्हटल्यावर मला तुम्ही आठवलात. शेवगावात सगळे चोरीच्या सीडीवर दुकान चालवत असताना तुम्ही पैसे साठवून खरं सॉफ्टवेअर घेतलंत, आणि लोक तुम्हाला येडा म्हणाले. कुठलीही वस्तू घेताना तुमचा एकच प्रश्न असायचा. कागद असो, शाई असो, प्रिंटर असो, विकणाऱ्याला तुम्ही विचारायचात, "हे अडलं तर मला कुनाच्या दारात जावं लागंल?" मीही तोच प्रश्न धरून बसले.

एक सोय विंडोजच्या आतच असते असं कळलं, पण ती घरगुती विंडोजमध्ये देत नाहीत, महागाच्या विंडोजमध्ये देतात. म्हणजे फुकट खरी, पण दरवाजा दुसऱ्याच्या वाड्यात. दुसरं एका मोठ्या कंपनीचं, फार चांगलं आहे म्हणे, पण उतरवून घ्यायलाच आधी खातं उघडा, पत्ता द्या, अटी मान्य करा, आणि आज फुकट आहे ते उद्या असेलच याची हमी कुणी द्यायची? तिसरं सगळा कारभार आज्ञा टाईप करून चालवणाऱ्यांचं. मी शाळेत गणित शिकवते, पण तो पसारा बघून मलाही घाम फुटला. चौथ्याचा मूळ भाग खुला आहे, कुणीही घ्यावा, वापरावा, वाटावा, त्याच्या जोडीच्या काही जादा सोयींना तेवढ्या वेगळ्या अटी आहेत. त्या मला नकोच होत्या. चौथं अडलं तर कुणाच्या दारात जावं लागत नाही, जगभरची आपल्यासारखीच अडलेली माणसं एकमेकांना उत्तरं देत बसलेली असतात. हे मी तुम्हाला समजावून सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, बरंय, भजनी मंडळासारखं हाय. मी चौथं घेतलं.

पण खरी अडचण निराळीच होती. तुमचं सॉफ्टवेअर लॉकशिवाय उघडत नसे. अंगठ्याएवढं ते काळं लॉक संगणकाच्या मागे खोचलेलं असायचं, ते नसेल तर पैसे भरलेला मालकही चोर. ते खोचलेलं लॉक आतल्या मशीनला दिसेल असं सॉफ्टवेअर हवं होतं, आणि माझ्या चौथ्याला ते जमत होतं. पण लॉकच नव्हतं. माळा उपसला, ट्रंका उपसल्या, दुरुस्तीवाल्याकडे दोनदा जाऊन आले. शेवटी हताश होऊन आईला विचारलं, काळं, एवढंसं, काही आठवतंय का? ती म्हणाली, "दुकानाची किल्ली व्हय?" आणि कमरेची पिशवी सोडून तिनं ते काढून दिलं. काखेत कळसा! तुमच्या दुकानाची किल्ली आणि ते लॉक एकाच दोऱ्यात बांधलेलं. दुकानाचं शटर केव्हाच दुसऱ्याचं झालंय. "तेच म्हनायचे ना, ही खरी किल्ली हाय, ही गेली तर दुकान गेलं. मंग मी ठिवली," ती म्हणाली. अण्णा, ती पिशवी तिनं दवाखान्यात ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा नर्सच्या हातात दिली नव्हती, माझ्या हातात दिली होती. मी तेव्हा ती उघडून पाहिली नाही.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी आतली मशीन तयार केली. आधी संगणकाच्या मुळातल्या सेटिंगमध्ये जाऊन एक सोय चालू करावी लागली, मग थोडी मेमरी तोडून दिली, तिचं इंटरनेट तोडलं, कारण जुन्या विंडोजला आता बाहेरची हवा सोसत नाही. ट्रंकेत सापडलेल्या तुमच्या सीडी घातल्या, जुन्या विंडोजची आणि मराठी सॉफ्टवेअरची. लॉक खोचलं. मोठ्या पडद्याच्या मधोमध एक लहान चौकोन उजळला आणि त्यात तुमच्या वेळचं ते हिरवं माळरान, निळं आभाळ आलं. आईला खुर्ची दिली. तिनं डोळे बारीक केले आणि म्हणाली, "दुकान उघडलं का?" मी हो म्हटलं. फाईल उघडली. आणि श्री गणेशाय नमः आलं, अण्णा. ते तुमचं थोडं उजवीकडे सरकलेलं गणपतीचं चित्र, जे तुम्ही कधी मधोमध आणलं नाहीत. ती दोन नावांमधली तुमची मोकळी जागा, तो ठसठशीत ट. मला रडू आलं. आई रडली नाही. ती पडद्याजवळ तोंड नेऊन बघत राहिली आणि म्हणाली, "हां. ही त्यांची."

बदल करायच्या आधी मी त्या मशीनचा स्नॅपशॉट काढून ठेवला. म्हणजे आहे त्या क्षणाला मशीन जशी आहे तशी जपून ठेवायची, पुढं काही बिघडलं की तिला पुन्हा त्याच क्षणावर आणता येतं. मग तुमच्या रीतीनं एकेक नाव काढत, एकेक घालत गेले. माझं नाव होतं तिथे पोरीचं आलं, माझ्या सासरच्या गावाच्या जागी तिच्या सासरचं. तुमच्या सॉफ्टवेअरमधली अक्षरांची मांडणी जुन्या टाईपरायटरची, कीबोर्डवर माझी बोटं अडखळत होती. मधेच मी चुकून नवऱ्याचंच नाव वराच्या जागी ठेवलं, तर तो मागून म्हणाला, राहू दे, माझी हरकत नाही.

मग पत्रिका तपासायला घेतली, खालून वर. ते तुम्हीच शिकवलंत. कर्जतच्या एका पत्रिकेत तुमच्या हातून आधीच्या लग्नाच्या मामाचं नाव तसंच राहिलं होतं. ती मंडळी टेम्पो करून दुकानात आली, तुम्ही हात जोडलेत, पत्रिका पुन्हा छापून मोटरसायकलवरून स्वतः पोचवून आलात. त्यानंतर मी एकदा एक पत्रिका वरून वाचताना दिसले तेव्हा तुम्ही माझ्यावर कधी नव्हे ते ओरडलात. "वरून काय वाचती? वर देव हाय. चूक खाली असती." तर मी खालून वाचायला लागले आणि पहिल्याच ओळीला थांबले. आपले विनीत, आणि पुढं तुमचं नाव. सगळं बदललं होतं आणि तेवढंच राहिलं होतं. माझ्या लग्नाचं आमंत्रण देणारे तुम्ही, नातीच्या लग्नाचंही आमंत्रण देत होतात.

मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "राहू दे की. त्यांनीच तर छापली हाय." तिथे माझं आणि माझ्या नवऱ्याचं नाव यायला हवं होतं, हे तिलाही ठाऊक होतं. मग तीच म्हणाली, "न्हाई, काढ. गेलेल्या मानसानं कसं बोलवावं? लोकं नावं ठिवतील. वर घी त्यांना." वर म्हणजे, अमुक यांची नात, त्या ओळीत. आणि त्या ओळीत जाताना नावाआधी 'कै.' लावावं लागतं. ते दोन कळांचं काम आहे, तुम्ही शेकडो लोकांना लावलं असेल. तुमच्याच मशीनवर, तुमच्याच अक्षरात, तुमच्याच नावाला ते मी लावावं, आणि तेही लग्नाच्या पत्रिकेत! तुम्ही गेलात तेव्हा दशक्रियेचं कार्ड दुसऱ्याच दुकानातून आलं होतं, मी ते नीट वाचलंही नव्हतं. म्हणजे हे मी पहिल्यांदाच करत होते. माझा हात कीबोर्डवर होता आणि आईचा माझ्या पाठीवर. लावलं एकदाचं.

पत्रिका सुरेख झाली आहे. त्या चौकोनातून बाहेर काढून छापून आणली, कोपऱ्यांना हळदीकुंकू लावलं, आणि आई पहिली पत्रिका घेऊन मोहटादेवीला जाऊन आली. पायऱ्या चढताना ती पत्रिका कुणाच्याच हातात देत नव्हती. लोक पत्रिकेचं कौतुक करतात, कुठं केली विचारतात, आई सांगते, शेवगावला.

हे मी नव्या अक्षरांत लिहिते आहे. तुमच्या मशीनला ते वाचता येणार नाही, नुसते चौकोन दिसतील, त्यामुळे हे तिथे ठेवून उपयोग नाही. एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगायची राहिली. आईनं देवीहून आल्यावर विचारलं होतं, "नातीची पत्रिका ठिवली ना त्यांच्या मशीनमधी? उद्या कुनाची तरी तिच्यावर बांधाया व्हईल." मी ठेवली म्हणून सांगितलं. ठेवलेली नाही, अण्णा. पत्रिका बाहेर निघाल्याबरोबर मी मशीन त्या जपलेल्या क्षणावर मागे नेली. आत आता माझ्याच लग्नाची फाईल आहे, आणि खाली तुमचं नाव आहे, त्याच्या आधी काहीही नाही.